बुटासकट आत

कल्याणच्या कचेरीत साहेबाच्या खोलीला एक उंबरठा होता आणि त्या उंबरठ्याशी अण्णा टेंब्यांचे वाकडे होते. उंबरठा बिचारा जुना, सागवानी, मध्ये झिजून खोलगट झालेला. त्याने अण्णांचे काही घोडे मारले नव्हते. पण त्या काळी सरकारचा एक ठरावच होता. देशी जोडा घालून येईल त्याने तो बाहेर काढून ठेवावा आणि अनवाणी आत जावे. विलायती बूट आणि पायमोजे घालून येईल त्याने मात्र खुशाल बुटासकट आत जावे. माणूस तोच, पाय तेच, त्यांना लागलेली धूळही त्याच पारनाक्याची. पण जोडा पुण्याचा असला तर ती धूळ बाहेर आणि बूट विलायतेचा असला तर आत, असा सरकारचा हिशेब होता.

खरे सांगायचे तर अण्णांना त्याचे कित्येक वर्षे काही वाटले नव्हते. जोडा घरात शिरताना काढतात, देवळात शिरताना काढतात, तसा साहेबाकडे जाताना काढायचा. साहेबाची खोली म्हणजे काही देऊळ नव्हे, पण नैवेद्याशिवाय काम दोन्हीकडे अडते, असे ते स्वतःच हसत म्हणत. कारकुनी करता करता डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी त्यांचा पुणेरी जोडा दाराबाहेर आणि ते स्वतः आत, थंड फरशीवर एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभे, हे ठरलेले होते.

मग प्रभाकर आला. मुंबईला मॅट्रिक झालेला, वर्णाने गोरटेला, पायात अरुंद काळे बूट. दप्तर कसे बांधायचे, त्यावरच्या रुमालाची गाठ कुठे मारायची, हे त्याला अण्णांनी शिकवले. त्या प्रभाकराला साहेबाने बोलावले, तेव्हा तो टाक टाक करीत उंबरठा ओलांडून आत गेला आणि पिल्चर साहेब म्हणाले, "बसा." खोलीत साहेबाच्या खुर्चीखेरीज एकच खुर्ची होती. प्रभाकर तिच्यावर बसला. अण्णा शेजारी कागद धरून उभे राहिले, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या पायांची दहाही बोटे दिसली.

त्या दिवसापासून अण्णांनी मनात एकच धरले. बढती नको, रावसाहेबी नको. पेन्शनीत निघण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, बुटासकट आत जायचे आणि त्या खुर्चीवर बसायचे. घरी त्यांनी हे आवडाबाईंना सांगितले, तेव्हा त्या ताक घुसळत होत्या. "बसायलाच हवंय तर घरी पाट आहे की," त्या म्हणाल्या. बायकांना अब्रूतले काही कळत नाही, असे म्हणून अण्णा ओट्यावर जाऊन बसले.

योग लवकरच आला. ठाण्याला रेल्वेचा कोणी इंजिनेर विलायतेला परत चालला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. अण्णा निघाले छत्री बघायला आणि परत आले ते बूट घेऊन. बूट म्हणजे काय, पोटरीपर्यंत येणारे दोन तांबूस बुरूजच. तळाला लोखंडी खिळ्यांच्या रांगा, पुढे लांबलचक चामडी नाड्या, आणि आतल्या बाजूला सोनेरी इंग्रजी अक्षरे. प्रभाकराने ती अक्षरे वाचली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"अण्णा, हे डोंगर चढायचे बूट आहेत. वॉटरप्रूफ!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे आत पाणी जात नाही. कितीही भिजवा."

अण्णांना फक्त उंबरठा ओलांडायचा होता, आणि कचेरीच्या उंबरठ्याला पाणी नव्हते. पण घेतलेल्या वस्तूत न मागता एखादा गुण निघाला की माणसाची छाती फुगतेच. त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्या आळीला तो गुण सांगितला. आळीला गुण सांगितला की आळी तो पारखून घेते, हे त्यांनी लक्षात ठेवायला हवे होते.

पारखायला सर्वांत आधी आले शेजारचे भाऊ. भाऊंचा जन्म आबकारी खात्यात गेला होता. दारूची पिंपे गळतात की नाही हे बघता बघताच ते पेन्शनीत निघाले होते, आणि पेन्शन झाली तरी दृष्टी तीच राहिली होती. त्यांनी बूट उलटा केला, सुलटा केला, वाजवून पाहिला.

"अरे अण्णा, पिंप तपासताना आम्ही पिंपाला नदीत बुडवत होतो का? नाही. आम्ही ते भरत होतो. जे आतलं बाहेर सोडत नाही, ते बाहेरचं आत घेत नाही. भर पाण्यानं!"

युक्तिवाद बिनतोड होता. विहिरीचे पाणी काढून दोन्ही बूट काठोकाठ भरले आणि ओट्याच्या आढ्याला टांगले. खाली पाटीवर राख पसरली, म्हणजे थेंब पडला तर कळावा. सारी आळी माना वर करून बसली. दिवेलागण झाली, गाई घरी आल्या, पण राखेवर एक ठिपका पडला नाही. भाऊंनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. "पास!" ते म्हणाले, आणि जेवायला गेले.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी कळली. जो बूट पाणी बाहेर सोडत नाही, तो ओलही बाहेर सोडत नाही. पाणी ओतून टाकले तरी आतून बूट तळ्याच्या पायरीसारखा ओला, आणि दिवस श्रावणाचे, उन्हाचा पत्ता नाही. चुलीपाशी ठेवावे तर आवडाबाई लाटणे घेऊन उभ्या. "चामडं माझ्या चुलीपाशी आलं तर मी माहेरी जाईन आणि चूल बरोबर घेऊन जाईन," त्या म्हणाल्या. बुटांबरोबर लिलावात एक चोपडायच्या मलमाची डबीही आली होती, पण ते मलम कुठल्या जनावराच्या चरबीचे याचा उलगडा होईना, म्हणून आवडाबाईंनी ती डबी काठीने ढकलत ढकलत उकिरड्यापर्यंत नेली. तिच्या जागी अण्णांनी करंजेल चोळले. त्याने बूट मऊ झाले हे खरे, पण आठवडाभर अण्णा कुठून येत आहेत हे ते दिसण्यापूर्वीच लोकांना कळू लागले.

ओल काढायला पुन्हा भाऊच धावून आले. "भाताचा कोंडा भाज, गरम गरम आत भर. ओल शोषून घेईल." अण्णांनी गिरणीवरून कोंडा आणला. तो नीट भाजलाही नव्हता आणि नीट पाखडलेलाही नव्हता. बूट भरून कोनाड्यात ठेवले आणि दोन-चार दिवस विसरले. मग एका सकाळी आवडाबाईंनी हाक मारली, "अहो, इकडे या जरा!" पाहतात तो दोन्ही बुटांच्या तोंडातून भाताचे कोवळे, हिरवेगार कोंब वर आलेले.

"लावणी कधी करायची म्हणता?" आवडाबाईंनी विचारले.

अण्णांनी कोंब उपटले, बूट झटकले, प्रभाकराकडून मागून आणलेले पायमोजे चढवले, धोतर जरा वर खोचले, आणि बूट घालून कचेरीची वाट धरली. वाटेत शेणाळ्या तळ्यापाशी टाच सोलली, देवळाजवळ करंगळी सोलली. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिले नाही. खिळे दगडांवर असे खणखणत होते की लोक वळून पाहत होते, आणि लोकांनी वळून पाहिलेले अण्णांना त्या दिवशी आवडत होते.

साहेबाच्या दारात महिपत पट्टेवाला बसला होता. तो सवयीने म्हणाला, "अण्णा, जोडं."

"जोडं नव्हेत, महिपत. हे बूट आहेत. विलायती."

महिपत खाली वाकला. त्याने बूट बघितला, मग तळ बघायचा म्हणून अण्णांना पाय उचलायला लावला. भर कचेरीत अण्णा एका पायावर उभे राहिले.

"खिलं हायती की ओ यांना! बुटाला खिलं कुटं असत्यात? घोड्याला असत्यात. फरशीवर वरखडं उठलं तर साहेब मला इचारल."

अण्णा म्हणाले, ठरावात बूट म्हटले आहे. महिपत म्हणाला, ठरावात खिळे म्हटले नाहीत. वाद शिरस्तेदारांपर्यंत गेला. शिरस्तेदार स्वभावाने भले गृहस्थ होते, पण कुठल्याही प्रश्नाचा निकाल आपण लावला तर उद्या तो आपल्या अंगाशी येईल, या भीतीनेच त्यांची नोकरी सुखाची झाली होती. त्यांनी ठाण्याला विचारणा पाठवली, की डोंगर चढण्याचे खिळेवाले बूट हे ठरावातल्या अर्थाने बूट होत किंवा कसे. ठाण्याहून उत्तर आले, की प्रश्न महत्त्वाचा आहे, सबब नमुन्यादाखल एक बूट पाठवावा.

एक बूट टपालात गेला. अण्णांना वाटले, आता निकाल लागला. पण एक बूट माणसाच्या काय कामाचा? दुसरा कोनाड्यात एकटाच तोंड वासून बसला. आवडाबाई येता-जाता त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकत, आणि तो सुस्कारा बुटासाठी नव्हता हे अण्णांना समजत होते. पुष्कळ दिवसांनी ठाण्याचा बूट परत आला. त्याच्या नडगीवर खळीने चिकटवलेली सरकारी चिठ्ठी होती, ती काही केल्या निघेना. सोबतचा निकाल असा होता, की या बाबतीत खुद्द पिल्चर साहेबांनी बूट समक्ष पाहून, पायात घातलेल्या स्थितीत, योग्य वाटेल ते ठरवावे.

आणि साहेब होते खडवलीला. तिथल्या डोंगरावर रानाच्या हद्दीचे दगड कुणी हलवले म्हणून तक्रार होती. नदीकाठच्या सरकारी बंगल्यात साहेबाचा मुक्काम होता आणि हद्दीचे नकाशे घेऊन कोणीतरी यावे असा हुकूम होता. प्रभाकराला डोंगर म्हटला की दम लागायचा. अण्णा म्हणाले, "मी जातो." असा योग पुन्हा येणार नव्हता. डोंगर, पाऊस, डोंगराचे बूट आणि साहेब, सगळे एका जागी. फक्त एक पथ्य पाळायचे होते. साहेबाने पाहीपर्यंत बूट पायातून काढायचे नाहीत. एकदा का हातात बूट धरलेले अण्णा साहेबाने पाहिले, की सगळे मुसळ केरात.

बैलगाडीने अण्णा खडवलीला पोचले तेव्हा साहेब तट्टावर बसून डोंगराकडे पुढे गेले होते. महिपत साहेबांबरोबर आलेला होता, त्याने अण्णांसाठी ठाकरवाडीतला धाकू नावाचा वाटाड्या ठेवला होता. धाकूच्या कमरेला लंगोटी, खांद्यावर कोयता, पायात काही नाही. त्याने अण्णांचे बूट पाहिले आणि मोकळेपणाने हसला.

"दादा, ही दोन होडकी कुठं न्यायची?"

"पाणी शिरत नाही यांत," अण्णा ताठ होऊन म्हणाले.

"मग चांगलाच हाय. म्होरं एक वहाळ हाय. लई नाय, घोट्याएवढा पानी."

वहाळाचे पाणी सकाळी घोट्याएवढे होते, यात शंका नाही. पण वर डोंगरात मध्यंतरी सर येऊन गेली होती, आणि धाकूचे घोटे बहुधा मांडीत असावेत. तिसऱ्या पावलाला अण्णा कमरेपर्यंत पाण्यात गेले. नकाशांचे नळकांडे त्यांनी डोक्यावर धरले, रामरक्षा पुटपुटली, आणि धाकूच्या कोयत्याच्या मुठीला धरून ते पलीकडे लागले. काठावर उभे राहून त्यांनी बुटांकडे पाहिले. बुटांनी खरोखर कमाल केली होती. चामड्यातून एक थेंब आत गेला नव्हता. सगळे पाणी वरून, राजरोस दारातून शिरले होते, आणि आता बूट ते बाहेर सोडायला तयार नव्हते.

"काढा की दादा, वोता पानी," धाकू म्हणाला.

अण्णांनी वर पाहिले. समोरच्या उतारावर साहेबाचे पांढरे तट्टू दिसत होते. साहेबाने मान वळवली तर? शिवाय चामडी नाड्या भिजून फुगल्या होत्या आणि गाठी हरभऱ्यासारख्या घट्ट बसल्या होत्या. अण्णा म्हणाले, "राहू दे. चल."

मग दोन भरल्या घागरी पायांत अडकवून अण्णा टेंबे डोंगर चढले. पाऊल उचलले की डबक, टेकले की डबक. चढावर पाणी टाचेकडे जाई, उतारावर बोटांकडे येई. धाकू पुढे जाऊन वाट बघत बसे आणि मनापासून करमणूक करून घेई. हद्दीच्या दगडापाशी पोचले तेव्हा साहेब दगड पाहून दुसऱ्या वाटेने खाली उतरला होता. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्याला दाखवायला हा डोंगर चढलो तोच नाही! दगडावर बसून त्यांना क्षणभर वाटले, गाठी कोयत्याने कापाव्यात, बूट दरीत फेकावेत आणि परत आपल्या पुणेरी जोड्यात जावे. धाकूने कोयता पुढे केलाही. पण अण्णांनी मान हलवली आणि ते उठले.

बंगल्याच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्यांचे पाय फुगून बुटांत घट्ट बसले होते. दारात महिपत होताच. आज त्याचा चेहरा घाबराघुबरा होता.

"अण्णा, आत लई गोंधळ झालाय. पन आधी ते काढा."

"निघत नाहीत रे!" अण्णा कळवळून म्हणाले. महिपतने खाली बसून ओढून पाहिले. बूट हलला नाही, अण्णा मात्र ओसरीभर घसरत गेले. तेवढ्यात आतून साहेबाचा आवाज आला. पिल्चर साहेबांनी मराठीची परीक्षा दिली होती आणि ते पुस्तकातले मराठी बोलत.

"बाहेर कोण आहे? त्याने विलंब न करिता आत यावे!"

महिपतने अण्णांकडे पाहिले, बुटांकडे पाहिले, आणि बाजूला झाला. अण्णा आत गेले. डबक, डबक, डबक.

आत साहेब खुर्चीवर बसला होता. विजार गुडघ्यापर्यंत वळलेली, आणि दोन्ही पाय ऊन पाण्याच्या घमेल्यात. उतरताना तट्टाने त्याला भाताच्या खाचरात फेकले होते. एक बूट चिखलाने गिळला तो परत दिलाच नाही. दुसरा एकटा घालून चालता येईना म्हणून त्यानेच काढून टाकला होता. जिल्ह्याचा असिस्टंट कलेक्टर बांधावरून काटे मोडून घेत, अनवाणी बंगल्यात आला होता. घमेल्यातले त्याचे पाय सोललेल्या मुळ्यासारखे पांढरे दिसत होते.

अण्णांनी मनात जे धरले होते ते समोर होते. ते बुटात होते आणि साहेब अनवाणी. पण त्यांना आनंद झाला नाही, लाज वाटली. कुणी अंघोळीला बसलेला असताना दार उघडल्यासारखे झाले. त्यांचा पाय आपोआप मागे सरला.

"बसा, टेंबे," साहेब म्हणाला. "हेच ते ठाण्यास गेलेले बूट काय?"

"होय, साहेब." अण्णा समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मला खरे सांगा. त्यांत पाणी येते काय? मजजवळचे बूट निरुपयोगी ठरले आहेत."

आयुष्यात पहिल्यांदाच साहेब अण्णांना एखाद्या गोष्टीबद्दल मत विचारत होता. अण्णांनी घसा साफ केला. खोटे बोलायचे त्यांच्या जिवावर आले.

"साहेब, चामड्यातून थेंबसुद्धा आत आला नाही. वरून मात्र वहाळ आला. आणि आलेला वहाळ मी डोंगरावर नेऊन परत आणला आहे."

साहेबाने घमेल्यातून पाय काढले आणि ओल्या फरशीवर अण्णांच्या समोर गुडघे टेकले.

"अहो साहेब, हे काय—"

"हे पाय नासतील. महिपत, यांस काखेत धर!"

महिपतने मागून काखेत धरले, साहेबाने चाकूने नाड्या कापल्या आणि दोन्ही हातांनी टाच धरून ओढले. एकदा ओढले, पुन्हा ओढले, दात खाऊन ओढले. मोठा आवाज होऊन बूट निघाला, साहेब मागे आपटला, आणि खडवलीचा वहाळ बंगल्याच्या फरशीवर पसरला. त्यातून एक इवलासा खेकडा निघाला आणि आडवा चालत टेबलाखाली गेला. साहेब आधी हसला. मग महिपत भीत भीत हसला. आणि मग अण्णांनाही हसू आवरेना, इतके की दुसरा बूट ओढायला साहेबाला बराच वेळ थांबावे लागले.

"टेंबे," साहेब धापा टाकत म्हणाला, "हे निःसंशय बूट आहेत. मी तसे ठाण्यास कळवीन."

घरी अण्णांनी हे सांगितले तेव्हा भाऊंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. "साहेब गुडघे टेकून बूट काढतो? अरे, साहेब स्वतःचेसुद्धा काढत नाही!" आवडाबाईंनी अण्णांचे सोललेले, सुरकुतलेले पाय पाहिले, खोबरेल कोमट केले आणि पाय मांडीवर घेतले. अण्णांचा सगळा ताठा तिथेच उतरला.

बूट पुन्हा पायात घालण्याची सोय उरली नव्हती. नाड्या कापलेल्या आणि पायांना फोड आलेले. पुढच्या पंधरवड्यात साहेब कल्याणला आले आणि अण्णांना बोलावणे आले, तेव्हा ते जुना पुणेरी जोडा घालूनच गेले. सवयीने तो दाराबाहेर काढला आणि लंगडत, अनवाणी, त्या झिजलेल्या उंबरठ्यावरून आत शिरले. आत प्रभाकर खुर्चीवर बसला होता.

साहेबाने कागदातून मान वर केली. खाली, पायांकडे, त्याने पाहिलेही नाही.

"बसा, टेंबे," तो म्हणाला.

खोलीत खुर्ची एकच होती. प्रभाकराने साहेबाकडे पाहिले, मग अण्णांच्या उघड्या पायांकडे पाहिले, आणि तो उठून उभा राहिला.